समजा, एका घोड्याची किंमत क्ष



सहलीच्या, स्नेहसंमेलनाच्या आणि मधल्या सुट्टीतल्या डब्यांच्या आठवणी या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. मी एका माणसाचे चरित्र थोडक्यात सांगणार आहे. त्याचे नाव आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचले, एका गुणाच्या प्रश्नासाठी लक्षात ठेवले आणि पेपर झाल्यावर विसरून गेलो. तो माणूस म्हणजे भास्कराचार्य.

फळ्यावर समजा क्ष असे लिहिले की आपल्या वर्गाचे दोन भाग पडायचे. काहींचे हात भराभर चालायचे, तर काहींच्या पोटात गोळा यायचा. शाब्दिक उदाहरणे हा अनेकांच्या आयुष्यातला गणिताचा शेवटचा धडा ठरला. मी गेली वीसेक वर्षे सॉफ्टवेअर लिहिते. लोक साध्या भाषेत जे सांगतात ते नेमक्या अटींत आणि समीकरणांत बसवणे हे माझे रोजचे काम आहे. म्हणून हेच काम नऊशे वर्षांपूर्वी इतक्या नीटपणे करणारा आणि शिकवणारा हा माणूस मला शाळेपेक्षा नोकरीत जास्त जवळचा वाटू लागला.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. हे साल आपल्याला नक्की माहीत आहे, कारण त्यांनी ते स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले. गोत्र शांडिल्य, आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडवीड. हे गाव आजचे नेमके कोणते यावर संशोधकांत एकमत नाही. घराणे विद्वानांचे होते. त्यांच्या आधीच्या सहा पिढ्यांची नावे एका शिलालेखात मिळतात, त्या शिलालेखाकडे मी शेवटी येईनच. वडील महेश्वर ज्योतिषाचे जाणकार होते आणि तेच त्यांचे गुरू. म्हणजे पाटी-पेन्सिलीपासून ग्रहगणितापर्यंतचे सगळे शिक्षण घरातच झाले.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. शेवटचे दोन आकाशाचे, पहिले दोन जमिनीवरचे. मी जमिनीवरच राहणार आहे.

लीलावतीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त मोजायला घटिकापात्र ठेवले, त्यात तिच्या अंगावरचा मोती पडून छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला, मग वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. ही कथा अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते. मूळ ग्रंथ होऊन तेव्हा चारशेहून अधिक वर्षे झाली होती, आणि भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लिखाणात ती कुठेच नाही. त्यांच्या लिखाणात आहे ती समोर बसलेल्या कोणाशी तरी बोलत शिकवण्याची पद्धत. कधी ते एखाद्या मुलीला विचारतात, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला. प्रश्न नेहमी अंगणातला किंवा बाजारातला असतो.

ग्रंथाच्या सुरुवातीलाच नाण्यांचे कोष्टक आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. यातला द्रम्म झिजत झिजत आपल्या बोलण्यात दाम होऊन उरला आहे. पुढे व्याजाचे हिशेब येतात, सोन्याच्या कसाचे येतात, धान्याच्या राशी येतात, वाऱ्याने मोडलेला वेळू येतो, सापावर झडप घालणारा मोर येतो. गणित म्हणून वेगळे काही शिकायला बसलो आहोत असे वाटूच नये, अशी ही रचना आहे.

लीलावतीत ते अक्षर मानत नाहीत, आकडा मानतात. कमळांचे एक उदाहरण घ्या. कोणीतरी आपल्याजवळच्या कमळांपैकी तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला वाहिला. उरलेली सहा कमळे गुरूंच्या पायांवर ठेवली. तर एकूण कमळे किती? भास्कराचार्यांची रीत अशी की सोयीचा कोणताही आकडा धरा. साठ धरू. त्याचा तिसरा हिस्सा वीस, पाचवा बारा, सहावा दहा, चौथा पंधरा. मिळून सत्तावन्न झाले, उरले तीन. पण उरायला हवे होते सहा, म्हणजे दुप्पट. तर कमळेही साठाच्या दुप्पट, एकशे वीस. मोडी वळणाच्या वह्या लिहिणारे आपले जुने वाणी ज्या सहजतेने हिशेब करायचे, ती सहजता या रीतीत आहे.

पण धरलेला आकडा सगळीकडे चालत नाही. प्रश्नात वर्ग आला, मूळ आले, किंवा न कळलेल्या गोष्टी दोन-तीन झाल्या की ही युक्ती थकते. तिथे दुसरा भाग, बीजगणित, सुरू होतो. तिथे न कळलेल्या गोष्टीला आधी नाव द्यायचे. भास्कराचार्यांच्या परंपरेत ते नाव होते यावत्तावत्, म्हणजे जेवढे असेल तेवढे. लिहिताना फक्त या. दुसरी न कळलेली गोष्ट आली तर तिला रंगाचे नाव : कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना का, नी, पी, लो. माहीत असलेल्या आकड्याला रूप म्हणायचे, लिहिताना रू. या चा वर्ग म्हणजे याव. आकड्याच्या डोक्यावर टिंब दिले की तो ऋण झाला. ही पद्धत त्यांनी एकट्याने शोधली नाही. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांची बीजगणिते फार विस्तृत होती, त्यांचे सार काढून आपण हे लिहिले, असे ते मोकळेपणाने सांगतात. त्यांचे वैशिष्ट्य आहे ते मांडणीच्या स्वच्छतेत.

आता शीर्षकातला घोडा. एकाजवळ सहा घोडे आणि रोख तीनशे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण डोक्यावर शंभराचे कर्ज आहे. दोघांची मालमत्ता सारखी आहे. तर एका घोड्याची किंमत काय? भास्कराचार्य घोड्याची किंमत या मानतात आणि दोन्ही माणसांना एकाखाली एक मांडतात. वरच्या ओळीत या ६ रू ३००, खालच्या ओळीत या १० रू १००, आणि या शंभरावर टिंब. आपण आज हेच ६क्ष + ३०० = १०क्ष − १०० असे लिहितो. मग दोन्ही बाजूंनी सारखेच काढायचे आणि सारखेच मिळवायचे. घोडे एका बाजूला गेले, ते उरले चार. रोकड दुसऱ्या बाजूला आली, ती झाली चारशे. घोड्याची किंमत शंभर. परत गोष्टीत जाऊन पाहा : पहिल्याचे सहाशे आणि तीनशे मिळून नऊशे, दुसऱ्याचे हजारातून शंभर वजा जाता नऊशे.

या उदाहरणात कर्ज आले ते सहज आलेले नाही. शाळेत आपण धन संख्या, ऋण संख्या असे घोकले, पण धन म्हणजे जवळचा पैसा आणि ऋण म्हणजे कर्ज हे त्या तासाला फारसे कोणाच्या मनात आले नसेल. इंग्रजी माध्यमातल्या माझ्या मुलीला ऋण संख्या समजायला संख्यारेषा काढावी लागली. मी तिला आपला मराठी शब्द सांगितला आणि वाण्याकडची उधारी सांगितली, तेव्हा तिला संख्यारेषेची गरज उरली नाही. राशी म्हणजे ढीग. मूळ म्हणजे झाडाचे मूळ. अव्यक्त म्हणजे अजून समोर न आलेले. रोजच्या बोलण्यातून समीकरणाकडे जाण्याचा रस्ता आपल्या भाषेत आधीच बांधलेला होता. आपण त्यावरून चाललो, पण खाली बघितले नाही.

आपल्याच वर्गातली एक मैत्रीण, नाव लिहीत नाही, आज पोळीभाजी केंद्र चालवते. दहावीला गणितात ती जेमतेम सुटली आणि आपण ढ आहोत हे तिने कायमचे ठरवून टाकले. मागच्या वर्षी तिच्या केंद्रावर बसून मी तिला हेच घोड्याचे उदाहरण सांगितले, फक्त घोड्यांच्या जागी डबे घेतले. रोज सहा डबे घेणाऱ्याने तीनशे रुपये आगाऊ दिले आहेत आणि दहा डबे घेणाऱ्याची शंभर उधारी आहे असली काहीतरी जुळणी केली. तिने कणिक मळता मळता उत्तर दिले आणि मग विचारले, यात गणित कुठे आहे? तिला गणित येत होते. तिला अडवले ते अक्षरांनी नाही, तर गोष्टीतून अक्षराकडे जाण्याची पायरी कोणी सावकाश दाखवली नाही त्याने. भास्कराचार्यांच्या पुस्तकात ती पायरी प्रत्येक उदाहरणात आहे. प्रश्न पद्यात येतो, चित्रासारखा. लगेच खाली त्याची मांडणी येते, कोरडी, फक्त चिन्हांची. दोन भाषा एकाखाली एक ठेवलेल्या.

न कळलेल्या गोष्टीला कसे नाव द्यायचे यातही शहाणपण लागते, आणि ते त्यांच्या भुंग्यांच्या उदाहरणात दिसते. भुंग्यांचा एक थवा आहे. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ काढले तर जेवढे येतात तेवढे भुंगे मालतीच्या झाडावर गेले. थव्याचे आठ नवमांशही तिकडेच गेले. एक भुंगा रात्री कमळात अडकला आहे आणि त्याची भुंगी बाहेर गुणगुणत घिरट्या घालते आहे. तर थवा केवढा? आपण सरळ थवा क्ष मानला असता आणि निम्म्याच्या मुळात फसलो असतो. भास्कराचार्य थवा मानतात या चा वर्ग दुप्पट. आता निम्मा घेतला की फक्त या चा वर्ग उरतो आणि त्याचे मूळ निमूटपणे या येते. समीकरण झाले २या² = या + १६या²/९ + २. नवांनी गुणून आवरले की २या² − ९या = १८. मग श्रीधराची रीत : दोन्ही बाजूंना आठाने गुणा, एक्याऐंशी मिळवा, मूळ काढा. एका बाजूला ४या − ९, दुसऱ्या बाजूला पंधरा. या आला सहा, थवा बहात्तरचा. ताळा करून पाहा : सहा, चौसष्ट आणि दोन. नाव योग्य जागी दिले म्हणून पुढचे ओझे हलके झाले. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही नव्या मुलांना हेच सांगत असतो की आधी काय मोजायचे आहे ते ठरवा, मग लिहायला घ्या.

माझ्या मते भास्कराचार्यांची खरी उंची मात्र माकडांच्या दोन उदाहरणांत दिसते. पहिल्यात माकडांच्या कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग रानात खेळतो आहे आणि बारा माकडे टेकडीवर आहेत. कळप केवढा? उत्तरे दोन येतात, अठ्ठेचाळीस आणि सोळा. अठ्ठेचाळीसचा आठवा हिस्सा सहा, त्याचा वर्ग छत्तीस, अधिक बारा. सोळाचा आठवा हिस्सा दोन, वर्ग चार, अधिक बारा. दोन्ही बरोबर बसतात आणि ते दोन्ही स्वीकारतात.

दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग, एवढी माकडे गुहेत शिरली आणि एक फांदीवर चढलेले दिसले. इथेही उत्तरे दोन, पन्नास आणि पाच. पन्नासचा पाचवा हिस्सा दहा, तीन गेले सात, वर्ग एकोणपन्नास, अधिक एक. उत्तम. आता पाच घ्या. पाचाचा पाचवा हिस्सा एक. एकातून तीन गेले तर ऋण दोन. त्याचा वर्ग चार, अधिक एक, पाच. समीकरणाला काहीच तक्रार नाही. तक्रार भास्कराचार्यांना आहे. एका माकडातून तीन माकडे काढायची कशी? लोकांना अशी ऋण गणती पटत नाही, म्हणून हे उत्तर घेऊ नये, असा निर्णय ते देतात.

घोड्यांच्या उदाहरणात ऋण शंभर त्यांनी स्वतः मांडले आणि माकडांच्या उदाहरणात ऋण दोन स्वतः नाकारले. चिन्ह तेच, टिंब तेच. एका ठिकाणी त्याला कर्ज हा अर्थ आहे, दुसऱ्या ठिकाणी काहीच अर्थ नाही. कोणते उत्तर ठेवायचे हे समीकरण सांगत नाही, ज्या शब्दांतून ते निघाले ते शब्द सांगतात. म्हणून शब्दांकडून अक्षरांकडे गेले की काम अर्धेच झाले. अक्षरांकडून शब्दांकडे परत यावे लागते.

माझ्या कामात ही गोष्ट रोज समोर येते. कर्मचाऱ्याच्या खात्यावर उणे दोन रजा शिल्लक दिसल्या तर चालते, त्याने पुढच्या महिन्याच्या रजा आधीच घेतल्या असा त्याचा अर्थ. बसमध्ये उणे दोन प्रवासी दिसले तर कुठेतरी घोटाळा आहे. यंत्राला या दोन उणे दोनांत फरक दिसत नाही. तो माणसालाच पाहावा लागतो, आणि न पाहिलेला फरक पुढे कोणाच्या तरी पगारातून किंवा तिकिटातून वसूल होतो. यंत्रे हिशेब आपल्यापेक्षा लाख पटीने वेगात करतात. आजकाल तर ती समीकरणही मांडून देतात. मग मुलांनी हे शिकावे कशाला, असे पालक मला विचारतात. माकडांचे दुसरे उत्तर ओळखता यावे यासाठी, असे मी सांगते.

भास्कराचार्यांना याची पुरेपूर जाणीव होती. बीज म्हणजे माणसाची बुद्धीच, रंगांची अक्षरे तिच्या मदतीला आहेत, असे ते आपल्या ग्रंथात म्हणतात. एका उदाहरणात दोघांजवळ माणके, नीलमणी आणि मोती आहेत, वर थोडी रोकड आहे, आणि दोघे सारखेच श्रीमंत आहेत. न कळलेल्या किमती तीन, समीकरण एकच. एक नक्की उत्तर निघूच शकत नाही. तिथे ते तिन्ही किमतींचे एकमेकींशी प्रमाण तीन, दोन, एक असे आपल्या बुद्धीने मानतात आणि माणिक बारा, नीलमणी आठ, मोती चार असे उत्तर काढतात. दुसरे काही मानले तर उत्तर दुसरे येईल. प्रश्न जेवढे सांगतो तेवढेच उत्तर नक्की असते, हे त्यांनी विद्यार्थ्यांपासून लपवले नाही.

उतारवयातही त्यांचे काम थांबले नाही. एकोणसत्तराव्या वर्षी, इ.स. ११८३ च्या सुमारास, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगाच्या गणितासाठी सोप्या रीती देणारा ग्रंथ केला. छत्तिसाव्या वर्षी मोठा ग्रंथ लिहिलेल्या माणसाने सत्तरीच्या उंबरठ्यावर बसून, रोजच्या वापरासाठी सोपे करून देतो म्हणावे, यात मला त्यांचा शिक्षकी स्वभाव दिसतो.

मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारात गेला. नातू चांगदेव सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. या नातवाने जे केले ते या स्मरणिकेत सांगण्यासारखे आहे. त्याने आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून एक मठ काढला. आज ज्याला आपण शाळा म्हणू तसा. चाळीसगावजवळच्या पाटण गावी देवीच्या देवळात याचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांच्या नजरेला आणला आणि १८६५ मध्ये त्याविषयी लिहिले. लेखाचा काळ शके ११२८, म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या आसपासचा. आधीच्या सहा पिढ्यांची नावे मिळतात ती इथेच.

त्या लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे. त्यात घराण्याची थोरवी आणि राजांची स्तुती आहे. शेवटचा भाग मात्र मराठीत आहे, मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. तिथे पैशाच्या गोष्टी आल्या आहेत. मठाचा खर्च कसा चालायचा, तर बाजारातल्या मालावर आणि तेलाच्या घाण्यांवर बसवलेल्या लहानलहान देण्यांतून. कोणाकडून किती, हे लोकांना कळेल अशा त्यांच्या बोलीत लिहून ठेवले. शाळा चालवायची तर हिशेब सगळ्यांना समजेल अशा शब्दांत हवा, हे भास्कराचार्यांच्या नातवाला सांगावे लागले नसेल.

पुढे ही पुस्तके खूप फिरली. फैजीच्या लीलावतीनंतर शहाजहानच्या काळात बीजगणिताचेही फारसी भाषांतर झाले. १८१७ मध्ये कोलब्रुकने दोन्ही इंग्रजीत आणली. पण त्याआधी शतकानुशतके ती टिकली ती पाठशाळांत, मुलांच्या तोंडी, त्या भुंग्यांच्या आणि माकडांच्या आधाराने.

आपल्यापैकी बहुतेकांची मुले आता शाळेत आहेत, काहींची नातवंडेही लवकरच जातील. त्यांच्या वहीत शाब्दिक उदाहरण अडले तर लगेच क्ष मानायला सांगू नका. आधी ती गोष्ट त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि कोण कोणाइतके आहे, एवढे त्यांना बोलू द्या. मग न कळलेल्याला नाव द्या. ते क्षच असायला हवे असेही नाही, घोड्याला घो चालेल, डब्याला ड चालेल. आणि उत्तर आले की पुन्हा गोष्टीत जाऊन ते तिथे उभे राहते का, तेवढे बघायला सांगा.

मेळाव्याच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत मी काही जणांना माकडांचे दुसरे उदाहरण घालणार आहे. निवृत्त झालेले आमचे गणिताचे सर आणि बाई, आपण शेजारीच बसाल अशी आशा आहे. उत्तरे दोन्ही सांगायची आहेत, आणि एक का नको तेही.